अमेरिकेत कामावर जाताना गाडीत पिस्तूल ठेवण्यापूर्वी आणि ठेवताना

रात्रपाळी संपवून पहाटे एकट्याने पार्किंगमध्ये जाणारी परिचारिका, गल्ल्यातील रक्कम मोजून मध्यरात्री दुकान बंद करणारा व्यवस्थापक, किंवा निर्जन रस्त्याने रोज तासभर गाडी चालवणारा कर्मचारी यांच्या मनात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याचा विचार येतो, तेव्हा लवकरच एक अडचण समोर उभी राहते. बहुतेक कंपन्या इमारतीच्या आत कोणतेही शस्त्र आणू देत नाहीत. त्यामुळे जे पिस्तूल सोबत असावे म्हणून घेतलेले असते, ते दिवसाचे आठ-नऊ तास पार्किंगमध्ये उभ्या गाडीत पडून राहते. त्या आठ-नऊ तासांत ते मालकाचे कसलेही रक्षण करत नाही. काच फोडण्याची तयारी असलेल्या कोणाच्याही हाती मात्र ते लागू शकते. म्हणून या लेखात पिस्तूल कसे चालवावे यापेक्षा ते कायद्याने ठेवता येते का, कोठे ठेवता येते आणि दुसऱ्याच्या हाती लागणार नाही अशा रीतीने कसे ठेवावे, यावर भर दिला आहे.

सर्वांत आधी आपला इमिग्रेशनचा दर्जा पाहा

मराठी वाचकांपैकी अनेकांसाठी हा प्रश्न पहिल्याच पायरीवर संपतो आणि तो तेथेच संपलेला बरा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावर प्रवेश मिळालेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे बंदी आहे. एच-१बी, एच-४, एल-१ आणि एफ-१ हे सगळे व्हिसा त्यात येतात. राज्याने दिलेला वैध शिकारीचा परवाना असणे यासारखे काही मोजके अपवाद कायद्यात आहेत, परंतु केवळ एखाद्या ओळखीच्या माणसाने सांगितले म्हणून त्या अपवादावर विसंबून कोणीही पिस्तूल घेऊ नये. २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यासाठी १५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

येथे ‘बाळगणे’ याचा अर्थ पिस्तूल स्वतःच्या नावावर असणे किंवा हातात असणे एवढाच नाही. वस्तू आपल्या ताब्यात किंवा आवाक्यात आहे आणि आपल्याला ते ठाऊक आहे, एवढ्यावरूनही ताबा सिद्ध केला जाऊ शकतो. समजा, पती अमेरिकेचा नागरिक आहे, पत्नी एच-४ व्हिसावर आहे आणि दोघे मिळून एकच गाडी वापरतात. पतीने आपले पिस्तूल ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पत्नी ती गाडी घेऊन बाहेर पडली, तर कायद्याच्या दृष्टीने अडचणीत येण्याची शक्यता तिची आहे. अशा घरात पिस्तूल ठेवायचेच असेल, तर ज्याला ते ठेवण्याचा अधिकार आहे त्याच्याशिवाय अन्य कोणाकडेही पेटीची किल्ली किंवा कोड असता कामा नये आणि सामायिक गाडीत ते ठेवूच नये.

ग्रीन कार्डधारकाला पिस्तूल बाळगता येते. मात्र शस्त्राशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरल्यास त्याच्यावर हद्दपारीची कारवाई होऊ शकते. ज्या चुकीसाठी नागरिकाला दंड भरून सुटता येईल, त्याच चुकीपायी ग्रीन कार्डधारकाला हा देश सोडावा लागू शकतो. त्यामुळे राज्याच्या सीमेपलीकडे नोकरीला जाणाऱ्या ग्रीन कार्डधारकाने फौजदारी आणि इमिग्रेशन या दोन्ही बाजू जाणणाऱ्या वकिलाला एकदा फी देऊन विचारून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती, तसेच न्यायालयाचा विशिष्ट प्रकारचा संरक्षण आदेश ज्याच्याविरुद्ध लागू आहे अशी व्यक्ती, यांनाही केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. संरक्षण आदेशाविषयीची ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये कायम ठेवली.

पार्किंग कोणाचे, आणि त्यावर कायदा कोणाचा

कामाच्या ठिकाणी गाडीत बंदूक ठेवण्याचा वाद ओक्लाहोमा राज्यातून देशभर पोहोचला. व्हॅलियंट येथील एका कागद गिरणीत २००२ मध्ये कर्मचाऱ्यांच्या गाड्यांची झडती घेण्यात आली आणि ज्यांच्या गाड्यांत बंदुका सापडल्या त्यांना कामावरून काढण्यात आले. त्यानंतर २००४ मध्ये ओक्लाहोमाने असा कायदा केला की, कुलूपबंद गाडीत कायदेशीर बंदूक ठेवण्यास नोकरी देणारा मालक मनाई करू शकणार नाही. कंपन्या न्यायालयात गेल्या. जिल्हा न्यायालयाने कायद्याला स्थगिती दिली, परंतु २००९ मध्ये दहाव्या सर्किटच्या (ओक्लाहोमासह काही राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने तो वैध ठरवला. दरम्यान २००८ मध्ये फ्लोरिडा आणि जॉर्जिया, २०११ मध्ये टेक्सास, २०१३ मध्ये टेनेसी आणि २०१७ मध्ये ओहायो या राज्यांत असे कायदे लागू झाले. आज वीसहून अधिक राज्यांत या स्वरूपाचे संरक्षण आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी येथे ते नाही. तेथे कंपनी आपल्या पार्किंगमध्येही बंदी घालू शकते आणि ती मोडणाऱ्याला कामावरून काढू शकते.

आपल्या राज्यात असा कायदा आहे एवढे कळले म्हणजे काम झाले असे समजू नये, कारण या कायद्यांचे खरे स्वरूप त्यांच्या अपवादांत दडलेले असते. टेक्सासमध्ये हे संरक्षण कंपनीच्या मालकीच्या गाडीला लागू होत नाही, त्यामुळे कंपनीची व्हॅन चालवणाऱ्याने त्यावर भिस्त ठेवू नये. फ्लोरिडात शाळा, तुरुंग, अणुवीज केंद्रे आणि संरक्षण क्षेत्राशी संबंधित काही आस्थापना वगळलेल्या आहेत. जॉर्जियात फाटक किंवा सुरक्षा चौकी लावून सर्वसामान्यांना प्रवेश बंद केलेल्या पार्किंगसाठी मालकाला वेगळी सवलत आहे. काही राज्यांत संरक्षण केवळ परवानाधारकांना (शस्त्र सोबत बाळगण्याचा राज्याचा परवाना असलेल्यांना) मिळते, तर काही ठिकाणी कायदेशीररीत्या बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येकाला मिळते.

सल्लागार म्हणून दुसऱ्या कंपनीच्या कार्यालयात बसणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. पगार देणारी कंपनी एक, रोजचे काम दुसऱ्या कंपनीच्या आवारात आणि इमारतीची मालकी तिसऱ्याचीच, अशी परिस्थिती या व्यवसायात नेहमीची आहे. राज्याचा कायदा ‘तुमच्या मालकाने पुरवलेल्या पार्किंगविषयी’ बोलत असेल, तर ग्राहक कंपनीच्या पार्किंगमध्ये तो तुमच्या कामाला येईलच याची खात्री नसते. करार संपवायला ग्राहक कंपनीला बहुधा कारणही द्यावे लागत नाही.

केंद्र सरकारच्या जागांचा विचार वेगळा करावा लागतो. लष्करी तळावर किंवा माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम असेल, तर राज्याचा परवाना आणि राज्याचा पार्किंगविषयक कायदा यांच्या भरवशावर पिस्तूल नेऊ नये. टपाल कार्यालयाच्या पार्किंगमधील बंदीही २०१५ मध्ये दहाव्या सर्किटच्या न्यायालयाने योग्य ठरवली होती, म्हणजे वाटेत पाकीट टाकण्यासाठी थांबतानाही हा विचार करावा लागतो. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आतील सार्वजनिक रस्त्यावर बंदूक नेण्याबाबत केंद्रीय कायद्यात स्वतंत्र निर्बंध आहेत. त्यातून सुटण्यासाठी एकतर त्याच राज्याने दिलेला परवाना असावा लागतो किंवा बंदूक रिकामी आणि कुलूपबंद पेटीत असावी लागते. रोजच्या वाटेवर शाळा नाही असा माणूस विरळाच.

एका राज्यात घर आणि दुसऱ्या राज्यात नोकरी असणाऱ्यांनी १९८६ च्या केंद्रीय कायद्याचा आधार घेताना त्याच्या मर्यादा पाहाव्यात. ज्या दोन ठिकाणी बंदूक कायदेशीर आहे त्यांच्यामधील प्रवासाला तो संरक्षण देतो, पण त्यासाठी बंदूक रिकामी असावी लागते, बंदूक किंवा काडतुसे प्रवाशांच्या हाताशी नसावी लागतात आणि गाडीला स्वतंत्र डिकी नसेल तर दोन्ही कुलूपबंद पेटीत ठेवावी लागतात. ही पेटी म्हणजे ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन सीटमधील कन्सोल चालत नाही. शिवाय जेथे पोहोचायचे तेथेच बंदूक बेकायदा ठरत असेल, तर हा कायदा मदतीला येत नाही. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात मान्य असतोच असेही नाही.

प्रत्यक्षात तपासणी अशी करावी. राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मूळ कलम वाचावे, त्यानंतर कंपनीच्या कर्मचारी पुस्तिकेतील शस्त्रांविषयीचा भाग शब्दशः वाचावा. तो केवळ ‘इमारतीत’ म्हणतो की ‘कंपनीच्या संपूर्ण आवारात’ म्हणतो, यावर बरेच काही अवलंबून असते. शंका राहिल्यास वकिलाला विचारावे. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला किंवा ऑफिसच्या चॅटवर विचारू नये. गाडीत पिस्तूल आहे ही माहिती जितक्या लोकांना कळते तितकी ती असुरक्षित होते, आणि एखाद्या वादानंतर तेच वाक्य धमकी म्हणून एचआरपर्यंत पोहोचू शकते.

पेटी, आणि ती वापरण्याची रीत

२०१५ च्या जून महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका केंद्रीय खात्याच्या रेंजरने रस्त्याकडेला उभ्या केलेल्या आपल्या गाडीतून पिस्तूल चोरीला गेले. काही दिवसांतच, १ जुलैला, शहरातील १४ क्रमांकाच्या धक्क्यावर वडिलांसोबत फिरायला आलेल्या एका तरुणीचा त्याच पिस्तुलाच्या गोळीने मृत्यू झाला. प्रशिक्षित अधिकाऱ्याच्या गाडीबाबत हे घडले. चोराला गाडीत काय आहे हे आधी ठाऊक असावेच लागते असे नाही. पुष्कळदा तो काचही फोडत नाही, रांगेने उभ्या गाड्यांची दारे ओढून पाहत जातो आणि उघडलेल्या दारातून ग्लोव्ह बॉक्स, कन्सोल आणि सीटखालची जागा एवढे चाचपून पुढे सरकतो. पिस्तूल नेमके याच तीन ठिकाणी ठेवण्याची लोकांना सवय असते.

म्हणून जाड पोलादी पत्र्याची, कुलपाची आणि गाडीच्या सांगाड्याला पक्की जोडलेली पेटी ही किमान गरज मानावी. सीटच्या लोखंडी पट्टीला केबलने बांधायच्या पेट्या स्वस्त आणि सोयीच्या असतात. त्या हात घालून पळणाऱ्या चोराला अडवतात, पण कातर घेऊन आलेल्याला अडवत नाहीत. बोल्टने डिकीच्या तळाला बसवलेली पेटी त्याहून कितीतरी चांगली. जागा निवडायची झाल्यास डिकीला पहिली पसंती द्यावी, कारण बाहेरून ती दिसत नाही. डिकी स्वतंत्र नसलेल्या एसयूव्हीमध्ये पेटीवर आच्छादन असावे. कॅलिफोर्नियात गाडी सोडून जाताना पिस्तूल डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत नजरेआड ठेवणे बंधनकारक आहे, आणि कोलोरॅडोनेही १ जानेवारी २०२५ पासून टणक आवरणाच्या कुलूपबंद पेटीची आणि गाडी कुलूपबंद असण्याची सक्ती केली आहे. तुमच्या राज्यात सक्ती नसली तरी हाच नियम पाळावा.

बॅटरीवर चालणाऱ्या कुलपाविषयी एक सूचना. उन्हात उभ्या बंद गाडीतील उष्णतेने आणि हिवाळ्यातील थंडीने बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे ती ठरावीक काळाने बदलावी आणि कुलपाची पर्यायी किल्ली गाडीत न ठेवता अंगावर ठेवावी. थंड गाडी एकाएकी गरम झाली की धातूवर ओल धरते, म्हणून गाडीत राहणारे पिस्तूल गंजासाठी वरचेवर तपासावे लागते.

आता प्रत्यक्ष कृती. ज्यांना वाटेत पिस्तूल अंगावर बाळगण्याची गरज किंवा परवानगी नाही, त्यांनी ते घरीच, गॅरेजचे दार बंद असताना पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावावे आणि कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर डिकी उघडूच नये. पार्किंगमध्ये उतरून डिकी उघडणे, वाकून काहीतरी आत ठेवणे आणि इकडेतिकडे पाहत ती बंद करणे हे दृश्य दूरवरूनही ओळखता येते.

परवानाधारक असून वाटेत पिस्तूल अंगावर बाळगणाऱ्यांना मात्र पार्किंगमध्येच ते उतरवावे लागते, आणि अपघाती गोळी सुटण्याचा धोका याच क्षणी सर्वाधिक असतो. गाडीच्या सीटवर बसल्या बसल्या, पट्टा आणि स्टिअरिंग यांच्या मधल्या अरुंद जागेत पिस्तूल होल्स्टरमधून (पट्ट्याला अडकवायच्या म्यानातून) बाहेर काढू नये. चाप पूर्णपणे झाकणारे आणि क्लिप सोडवताच पट्ट्यापासून वेगळे होणारे टणक होल्स्टर निवडावे, म्हणजे पिस्तूल होल्स्टरसह उतरवून तसेच पेटीत ठेवता येते. चाप अखेरपर्यंत झाकलेला राहतो. नळीचे तोंड कोणत्याही क्षणी स्वतःच्या मांडीकडे किंवा शेजारच्या गाडीकडे जाऊ देऊ नये. इंजिन बंद करण्यापूर्वी आजूबाजूला कोणी आहे का ते पाहावे, आणि असल्यास शांतपणे दुसरीकडे गाडी नेऊन थांबावे. पिस्तूल भरलेले ठेवायचे की रिकामे, हा निर्णय राज्याचा कायदा करतो. रिकामे ठेवणे बंधनकारक असेल तर ते घरीच, सुरक्षित दिशेला नळी धरून करावे, पार्किंगमध्ये करू नये.

गाडीतून उतरल्यावर प्रत्येक दाराची मूठ ओढून पाहावी. रिमोटचा आवाज आला म्हणजे दार लागले असे गृहीत धरू नये. बंदुकीच्या कंपन्यांचे स्टिकर गाडीला लावू नयेत. गाडी दुरुस्तीला, धुण्यासाठी किंवा ती लावून देणाऱ्या व्हॅलेकडे देण्यापूर्वी पिस्तूल काढून घ्यावे. आणि घरी पोहोचल्यावर ते रोज, कंटाळा न करता, घरातील तिजोरीत न्यावे, कारण रात्रभर गाडीत राहिलेले पिस्तूल हे चोरीला मोकळे रान असते. मुलांना गाडीची किल्ली मिळत असेल तर पेटीचा कोड त्यांना माहीत नाही याची खात्री करावी. ‘प्रोजेक्ट चाइल्डसेफ’ या उपक्रमातून पोलीस ठाण्यांमार्फत बंदुकीचे केबल कुलूप मोफत मिळते, ते पेटीच्या आतही लावता येते.

वाटेत पोलिसांनी थांबवले तर दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत आणि कागदपत्रे काढण्यासाठी परवानगीशिवाय हात हलवू नयेत. मिशिगनसारख्या काही राज्यांत परवानाधारकाने शस्त्र आहे हे आपणहून तत्काळ सांगणे सक्तीचे आहे.

जी सुरक्षा पेटीवर अवलंबून नाही

इमारतीत असताना गाडीतील पिस्तूल संकटाच्या योजनेचा भाग धरू नये. आत गोळीबार सुरू झाला तर अमेरिकेत सर्वत्र शिकवला जाणारा क्रम पळा, लपा आणि काहीच उपाय उरला नाही तर प्रतिकार करा असा आहे. जो माणूस पार्किंगपर्यंत सुखरूप पोहोचला तो धोक्यातून बाहेर पडला आहे. त्याने गाडी घेऊन दूर जावे आणि ९११ ला फोन करावा. पिस्तूल घेऊन परत आत जाणाऱ्याला धावत आलेले पोलीस ओळखत नाहीत, त्यांना हातात शस्त्र असलेला माणूस तेवढा दिसतो. पार्किंगमधील भांडणाबाबतही तेच. गाडीत बसून निघून जाणे शक्य असताना पिस्तूल घेऊन भांडणाकडे परतलेल्या माणसाचा स्वसंरक्षणाचा दावा न्यायालयात टिकणे फार अवघड असते.

रोजच्या भीतीवर अधिक उपयोगी पडणारे उपाय साधे आहेत. सुरक्षारक्षकाला गाडीपर्यंत सोबत यायला सांगण्यात संकोच करू नये. अनेक रुग्णालये आणि विद्यापीठे ही सोय देतात. दिव्याखाली, कॅमेऱ्याच्या टप्प्यात, तोंड बाहेरच्या बाजूला करून गाडी लावावी. बाहेर पडण्यापूर्वी फोन खिशात आणि किल्ली हातात असावी, आणि गाडीत बसताच दार लावून आधी निघावे, संदेश नंतर पाहावेत. कोणी पाठलाग करत असल्याचा संशय आला तर घरी न जाता ९११ ला फोन करत पोलीस ठाण्याकडे किंवा गर्दीच्या ठिकाणी जावे. पूर्वीच्या जोडीदाराकडून धमक्या येत असतील तर न्यायालयाच्या संरक्षण आदेशात कामाच्या ठिकाणाचा पत्ता समाविष्ट करून घ्यावा आणि त्या व्यक्तीचे छायाचित्र स्वागतकक्षात व सुरक्षारक्षकांकडे द्यावे. रात्री दुकान बंद करण्याचे काम असेल तर दोघांनी मिळून बंद करण्याची आणि गल्ल्यात कमीत कमी रोकड ठेवण्याची मागणी मालकाकडे लेखी करावी.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने लिहितो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. नोकरीवरून काढल्याची बातमी, व्हिसाची टांगती तलवार, घरातील कलह अशा काळात पिस्तूल हाताशी असू नये. नोकरकपातीची कुणकुण लागली असेल तर त्या आठवड्यांत ते गाडीत नेऊच नका. बरीच बंदूक विक्री दुकाने आणि काही पोलीस ठाणी ते तात्पुरते ठेवून घेतात. मन फारच खचले असेल तर ९८८ या मानसिक संकटातील मदतीच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो, आणि घरच्यांनीही हा क्रमांक लक्षात ठेवावा.

चोरी झालीच तर

गाडी फोडलेली दिसली तर कशालाही हात न लावता प्रथम स्थानिक पोलिसांना कळवावे. पिस्तुलावर कोरलेला अनुक्रमांक मिळाल्यावर पोलीस तो देशव्यापी नोंदीत टाकतात आणि पिस्तूल पुढे कोठेही सापडले तरी ते चोरीचे असल्याचे कळते. बंदूक हरवल्याची किंवा चोरीची माहिती देण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये २४ तासांची, न्यू जर्सीत ३६ तासांची आणि कॅलिफोर्नियात ५ दिवसांची मुदत आहे. कायद्याची मुदत नसलेल्या राज्यातही त्याच दिवशी तक्रार करावी, कारण तक्रारीपूर्वी त्या पिस्तुलाने गुन्हा घडला तर चौकशीचा पहिला दुवा विक्रीच्या नोंदीवरून खरेदीदाराच्या दारापर्यंत येतो. तक्रारीचा क्रमांक लिहून घेऊन तो विमा कंपनीला द्यावा. पिस्तुलाचा अनुक्रमांक, मॉडेल आणि छायाचित्र घरी किंवा फोनमध्ये आधीच नोंदवून ठेवावे, गाडीत नव्हे. तेही जवळ नसेल तर ज्या दुकानातून पिस्तूल घेतले तेथे फोन करावा. खरेदीच्या वेळी भरलेला ४४७३ क्रमांकाचा फॉर्म दुकानदाराला जपून ठेवावा लागतो आणि अनुक्रमांक त्यावर लिहिलेला असतो.